एंजलबरोबर निऑन चालतात

३ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राला दोन महिने उत्तर नाही, म्हणून तू माझ्या नावानं बोटं मोडत असशील. मोड. आता तुझ्या नावानं मोडायची पाळी माझी आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं ऐकू आल्याचं तू कबूल करत नाहीस. मग मामी मधे उभी राहून दोन्हीकडे ओरडते. त्यापेक्षा कागद बरा. चार दिवस लागतात, पण निदान कुणाचा घसा बसत नाही.

नाना, म्हणजे माझे सासरे, जुलैत न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, हे तुला माहीत आहे. शस्त्रक्रिया नीट झाली. पण घरी आल्यावर त्यांनी जे भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई रोज हात टेकून परत जायच्या. आयुष्यभर हेडमास्तर म्हणून शाळा हलवून सोडलेला माणूस, पण कुशीवर वळायलाही तयार होईना. म्हणून सप्टेंबरात मी माशांची टाकी आणली आणि त्यांच्या पलंगासमोरच्या उंच कपाटावर ठेवली. मासे निवडताना दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. तुझ्या दुकानाच्या बिलामागे छापलेली, कुठला मासा कुणाबरोबर चालतो याची यादी माझ्याकडे अजून आहे. त्यात तुझं वाक्य आहे, ‘एंजलबरोबर निऑन चालतात.’ त्याप्रमाणे शर्टाच्या बटणाएवढे दोन एंजल आणि दहा निऑन आणले.

आणि मामा, दुसऱ्याच दिवशी नाना उठून बसले. कशासाठी, तर हजेरी घ्यायला! झोपून सगळे मासे दिसत नाहीत ना. रोज सकाळी नऊला उशीला टेकून बोट दाखवत मोजायचे, आणि बारा भरल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. बाईंनी ती वेळ बरोबर पकडली आणि हजेरीच्या आधी व्यायाम असा नियमच करून टाकला. आता ते पाय खाली सोडून बसतात. उभं राहणं तेवढं बाकी आहे. डॉक्टर म्हणाले, मार्चअखेरपर्यंत उभे राहिले तर चालतील. नाही राहिले तर पुढचं आयुष्य तो पलंगच.

आणि नेमके आता मासे कमी व्हायला लागलेत. दहा निऑनचे सात झाले. मेलेले सापडत नाहीत, टाकीखाली नाहीत, कपाटामागे नाहीत. नानांचा चेहरा उतरलाय. तुझे जावईबापू, म्हणजे आमचे हे, लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांचं म्हणणं असं की ज्या यंत्रातून दर आठवड्याला एक भाग गळतो ते जागेवर ठेवू नये. आणखी एक मासा गेला तर टाकी कुणालातरी देऊन टाकतील. माझ्या तोंडचं पाणी पळालंय. काय चुकतंय ते लवकर कळव.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, यादीवरही अजून आहे.

तुझी,
बुडबुडी


१० फेब्रुवारी

चि. बुडबुडीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. ऐकू येण्याबद्दल जे लिहिलंस ते मामीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा.

आता मुद्द्याचं. बत्तीस वर्षं मी मासे विकले. दारातून आत आलं की उजव्या हाताच्या पहिल्याच टाकीत एंजल आणि निऑन एकत्र असत. तू शाळेच्या सुट्टीत स्टुलावर बसून त्याच टाकीवर नाक चिकटवायचीस आणि नंतर मी काच पुसायचो. बत्तीस वर्षांत एकाही एंजलनं एकाही निऑनकडे वाकडी नजर टाकलेली मी बघितली नाही. तेव्हा यादीला बोल लावू नकोस. झाकण उघडं राहत असेल, बघ. निऑन उडी मारतात. फिल्टरच्या नळीवर जाळी आहे का, बघ. शेजाऱ्यांचं मांजर आत येतं का, तेही बघ. जावईबापूंना सांग की लिफ्टला फक्त वर-खाली जायचं असतं, माशांना आडवंही जायचं असतं. त्यातलं त्यांना नको कळायला.

मला वाटतं तुमच्या टाकीत फार शांतता आहे. एंजल कंटाळलेत आणि निऑन घाबरून कोपऱ्यात बसून मरतायत. त्यात सहा टायगर बार्ब सोड. पिवळसर, काळ्या पट्ट्यांचे, चपळ. माझ्याकडे मोठ्या टाकीत बार्ब आणि एंजल एकत्रच असत. ते पळापळ करतात, टाकी जागी राहते. यादीच्या दुसऱ्या रकान्यात आहेच.

आणि एक लक्षात घे. माझी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं माझ्याकडेच आली. बँकेतल्या एक बाई होत्या, दर महिन्याला न चुकता यायच्या, सहा-सात निऑन घेऊन जायच्या. माझं सांगणं चूक असतं तर कशाला आल्या असत्या?

नानांना माझा नमस्कार सांग. त्यांची हजेरीची पद्धत मला आवडली. तू पोरकट घाई करू नकोस. आशीर्वाद नेहमीसारखेच, त्यात कपात नाही.

तुझा,
मामा


२४ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न.

वि. वि. काही नाही, फक्त विनंती. ती शेवटी लिहिते, आधी ऐक.

झाकण बंद होतं. जाळी होती. मांजर या इमारतीत कुणाकडेच नाही. तुझे बार्ब आणले. मी स्वतः, कामावरून परत येताना, पिशवी हातात जपून धरून. तिसऱ्या दिवशी मोठ्या एंजलचे खालचे लांब तंतू गायब. पाचव्या दिवशी त्याची शेपटी कंगव्यासारखी. ते सहाजण आळीपाळीनं मागून येतात, एक लचका तोडतात आणि पळतात. टाकी जागी राहते म्हणालास, ती राहिली. माझी झोप मात्र उडाली.

आणि निऑनचा चोर सापडला. परवा सकाळी नानांना चहा द्यायला गेले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच फाटक्या एंजलनं एक निऑन तोंडात धरला. अर्धा आत, अर्धा बाहेर, निळा पट्टा अजून चमकत होता. मी काचेवर थापा मारल्या. त्यानं गिळला आणि मग माझ्याकडे बघितलं.

पण हे काहीच नाही. खरी गोष्ट लिहायला मला लाज वाटतेय. माझ्या मागच्या पत्रानंतर ह्यांनी मला न सांगता तीन नवे निऑन आणून टाकीत सोडले होते, का, तर नानांची बेरीज बरोबर यावी. नानांनी मोजले, बारा भरले. दुसऱ्या दिवशी म्हणाले की यातले तीन अंगानं लहान आहेत आणि खायला टाकलं की कुठल्या कोपऱ्यात जायचं हे त्यांना माहीत नाही, ही मुलं माझ्या वर्गातली नाहीत. मी म्हटलं, नाना, तेच आहेत. तोंडावर खोटं बोलले, मामा. ते शांतपणे म्हणाले की दुसऱ्याच्या नावाला ‘हजर’ म्हणणारी मुलं पकडण्यात माझी सगळी नोकरी गेली, मला शिकवू नकोस.

संध्याकाळी बाई व्यायामाला आल्या तेव्हा नानांनी त्यांना विचारलं की माझं हाड खरंच जुळलंय, की तेही तुम्ही सगळे मिळून जुळवून सांगताय. आणि भिंतीकडे तोंड केलं. आज त्याला अकरा दिवस झाले. बसत नाहीत, मोजत नाहीत. डॉक्टरांच्या मार्चअखेरीला महिना उरलाय. ह्यांना बोलावं तर ते बिचारे मूग गिळून बसलेत. मला बोलावं तर मी काय वेगळं केलं?

निऑन आता पाच उरलेत. विनंती अशी की तुझी यादी पुन्हा एकदा वाच आणि मला सांग, ती कुठल्या माशांसाठी लिहिली होतीस?

लोभ सध्या कमी झालाय. भरून काढणं तुझ्या हातात.

बुडबुडी


१ मार्च

चि. बुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मामीचं आहे. तुझा मामा आंघोळीला गेलाय, म्हणजे मला अर्धा तास आहे. तुझं पत्र आल्यापासून तो ती यादी समोर घेऊन बसलाय आणि धुमसतोय. म्हणतो, एंजलनं खाल्ला तो निऑन आधीच मेलेला असणार. म्हणतो, बार्ब तू चुकीचे आणलेस. काल जेवताना म्हणाला की पोरीनं माझी बत्तीस वर्षं पाण्यात घातली. मी म्हटलं, ती पाण्यातच होती. तेव्हापासून माझ्याशीही बोलत नाही.

तुला एक सांगते, जे मी त्याला कधी सांगितलं नाही. तुझ्या मामानं आयुष्यात एकही मासा पाळलेला नाही. घरी टाकी नव्हती. दिवसभर तेच बघायचं, घरी कशाला, असं म्हणायचा. आणि दुकानात माल बुधवारी यायचा, बोटाच्या पेराएवढा, बटणाएवढा. रविवारी संध्याकाळी टाक्या रिकाम्या. फार फार तर दहा दिवस राहिला असेल एखादा. त्या टाक्या मी धुवायचे, म्हणून मला पक्कं माहीत. एका टाकीत साठ-साठ बार्ब असायचे. त्यांना एकमेकांच्या मागे धावण्यातूनच सवड नसायची, ते एंजलच्या वाटेला कधी जाणार?

दहा दिवसांत जे दिसलं ते त्यानं मनापासून बघितलं आणि मनापासून लिहिलं. खोटं त्यात काही नाही. फक्त ते दहा दिवसांचं आहे.

मी का गप्प बसले म्हणशील. लोक परत परत यायचे आणि तो घरी येऊन आनंदानं सांगायचा की माणसं जोडली. तो आनंद मोडायला जीभ वळली नाही. आता वाटतं, वळायला हवी होती.

त्याच्याशी भांडू नकोस, भांडणात तो कुणाला हार जात नाही. त्याला फक्त तुझा एंजल केवढा झालाय ते कळव. शब्दात नको, शब्द तो मानत नाही. मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस. पाणी बंद झालेलं ऐकू येतंय.

माया आहे तशीच आहे.

तुझी,
मामी


६ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

जास्त लिहीत नाही. सोबत एक पातळ कागद आहे. तो टाकीच्या काचेवर धरून मी मोठ्या एंजलच्या कडेनं पेन्सिल फिरवली. तुला माहीत आहे, चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगांवर खुणा करण्याचंच माझं काम, तेव्हा हात हलला असं म्हणू नकोस. मासा हलला म्हणून सात कागद फुकट गेले, हा आठवा. माप जसंच्या तसं आहे, मोठं केलेलं नाही. खालचा भाग तोकडा दिसतो, कारण तिथले तंतू बार्बनी खाल्लेत.

सप्टेंबरात हा बटणाएवढा होता. आज माझा तळहात त्याखाली झाकला जातो. त्याच्या तोंडाची खूणही केली आहे. शेजारी एक निऑन त्याच्या खऱ्या मापात काढलाय.

नाना अजून भिंतीकडेच बघतायत.

मला एवढंच सांग, तुझ्या दुकानात होते त्यातला सगळ्यात मोठा एंजल केवढा होता? उत्तराची वाट बघते, लोभाचं नंतर बघू.

बुडबुडी


११ मार्च

चि. बुडबुडीस,
अ. उ. आ.

तुझा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि मामीला विचारलं की हा कुठला मासा. ती म्हणाली, एंजल. मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग कपाटातून जुनी यादी काढून त्या कागदावर ठेवली. माझी अख्खी यादी त्या माशाच्या पोटात मावली.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. मी बघितलेला सगळ्यात मोठा एंजल बाटलीच्या झाकणाएवढा होता. त्यापेक्षा मोठा मी कधीच बघितला नाही. मोठं होण्याआधी ते सगळे माझ्या दारातून बाहेर गेले. लहान होते तोवर सगळ्यांचं पटत होतं, आणि मी त्याला नियम समजलो. एंजलच्या तोंडात निऑन मावतो की नाही हे बघायची वेळच माझ्यावर आली नाही.

कालपासून मी त्या बँकेतल्या बाईंचा विचार करतोय. मला वाटायचं त्यांचा माझ्यावर लोभ आहे. बुडबुडे, त्यांचे निऑन मरत होते. दर महिन्याला त्या काउंटरपाशी ओशाळून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या की माझं काय चुकतंय. आणि मी त्यांना सांगायचो, पाणी वेळेवर बदलत नसाल, जास्त खायला घालत असाल. तुलाही तेच सांगितलं, मांजर बघ म्हणालो. त्या बाईंनी मान हलवून ते ऐकून घेतलं, वर्षानुवर्षं. फार वाईट वाटतं. आता त्यांना कुठे शोधू?

टाकीचं असं कर. बार्ब आजच्या आज बाहेर काढ, ज्याच्याकडे नुसते बार्बच आहेत अशाला दे. पाच निऑनना वेगळी लहान टाकी कर. एंजल दोघेच राहू देत. त्यांचे पंख स्वच्छ पाण्यात पुन्हा वाढतात असं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो. ऐकून आहे, बघितलेलं नाही, तेव्हा तू बघ. यापुढे कुठलाही मासा आणताना दुकानदाराला तो कुणाबरोबर चालतो हे विचारू नकोस. तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि त्याच्या तोंडात काय मावतं, एवढंच विचार. त्याला सांगता आलं नाही तर घेऊ नकोस. मला सांगता आलं नसतं.

सोबत बंद पाकीट आहे ते नानांच्या हातात दे. उघडायचं नाही, वाचून दाखवायचं नाही. त्यांना चष्मा दे आणि तू बाहेर जा.

रागावली असशील तर ते योग्यच आहे. राग गेल्यावर जे उरेल ते माझ्या वाट्याला ठेव.

तुझा,
मामा


११ मार्च

श्री. हेडमास्तरसाहेबांस,
स. न. वि. वि.

आपली भेट लग्नात झाली तेवढीच. मी तुमच्या सुनेचा मासेविक्या मामा. तुमच्या वर्गातले निऑन कमी झाले ते माझ्यामुळे. एंजल त्यांना खातो. हे मला बत्तीस वर्षांत कळलं नाही आणि कळत नसताना मी ते छापून वाटलं. सुनेनं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच तिचा दोष. नंतर ती तुमच्याशी खोटं बोलली, ते मात्र तिचं चुकलंच. मुलाचंही चुकलं. त्यांची बाजू मी घेत नाही.

तुमच्या पायाबद्दल मला काही कळत नाही. डॉक्टरांना घरी बोलवा, मुलाला आणि सुनेला खोलीबाहेर काढा आणि तुम्ही स्वतः विचारा.

माझी एक अडचण आहे. मोठा झालेला मासा मी बघितलेला नाही, आणि आता गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. तुमच्यासमोर दोन एंजल आहेत. दर आठवड्याला त्यांचं माप, वरच्या पंखाच्या टोकापासून खालपर्यंत, पट्टीनं घेऊन मला कळवाल का? ते मला यादीत लिहायचं आहे. इतरांचा अंदाज मला नको. तुम्ही बेरीज जुळवून पाठवणार नाही, असं ऐकलंय.

उत्तर आलं तर उपकार मानीन, नाही आलं तर तेही समजेन.

आपला,
एक जुना दुकानदार


२३ मार्च

रा. रा. दुकानदार यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र सुनेनं न उघडता दिलं. अलीकडच्या काळात या घरात झालेली ही पहिली सरळ गोष्ट. तुमच्या कबुलीनं माझे निऑन परत येत नाहीत, हे आधी नमूद करतो. छापण्यापूर्वी तपासायचं असतं. माझ्या शाळेत असतात तर मी तुम्हाला बाकावर उभं केलं असतं.

डॉक्टरांना बोलावलं. मुलाला आणि सुनेला बाहेर काढलं, दार लावून घेतलं. डॉक्टर म्हणाले की हाड डिसेंबरातच जुळलं, पाय दुबळे झाले ते माझ्या पडून राहण्यानं. हे आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाले की दर खेपेला सांगितलं, तुम्ही भिंतीकडे बघत होता. मुलाला आत बोलावून वॉकर आणायला सांगितला.

बार्ब खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे गेले. निऑन पाचही वेगळ्या टाकीत हजर. लहान एंजलची उंची नऊ सेंटिमीटर, खात्रीची.

मोठ्या एंजलची उंची अकरा लिहून पाठवणार होतो, पण ते माप बसून घेतलंय. टाकी उंचावर आहे, बसून त्याच्या वरच्या पंखाचं टोक पाण्याच्या कडेला लपतं. म्हणून काल उभं राहून घ्यायला गेलो. वॉकर मुलानं धरला, पट्टी मी धरली. सूनबाई मागे उभ्या राहून उगाच रडत होत्या, त्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. नऊ आकडे मोजेपर्यंत उभा होतो. मग पाय थरथरले, आणि त्याच वेळी मासाही वळला. त्यामुळे माप मिळालं नाही.

चुकीचा आकडा पाठवणं मला जमणार नाही. आज पुन्हा उभा राहतो. मिळाला तर पुढच्या टपालानं कळवीन, लोभाचं त्यानंतर ठरवू.

आपला,
हेडमास्तर (निवृत्त)